आमच्या एसीची एकादशी

आमचा एसी दुरुस्त झाला. आता गॅस गळत नाही, खोली गार राहते, सगळे खुशाल आहेत.

हे मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. एसी बंद आहे. चैत्रातली एकादशी आहे, उस्मानपुऱ्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलंय आणि माझी सरूआत्या पिशवी भरून पलंगाच्या काठावर बसली आहे. पैठणची एसटी किती वाजता सुटते हे ती भिंतीला विचारते आहे, कारण आमच्यापैकी कुणीच सांगत नाही.

सरूआत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. वडलांचं पाळण्यातलं नावच काकासाहेब, त्यामुळं सख्खी थोरली बहीणही त्यांना ‘काका’ म्हणते आणि आमच्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही. आत्याचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. पैठणला पत्र्याच्या घरात एकटी राहते. गेल्या उन्हाळ्यात निर्जळा एकादशीला, म्हणजे ज्या एकादशीला पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नसतो त्या दिवशी, ती त्या पत्र्याखाली उन्हानं कोसळली. शेजारच्या आवडाबाईला ती उंबऱ्यापाशी आडवी सापडली. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, मावशी, या वयात असले उपास सोडा. आत्यानं उपास सोडला नाही, डॉक्टर सोडला.

तेव्हा वडलांनी यंदा एसी घेतला. आमच्या खानदानातला पहिला. “एकादस धर,” ते आत्याला म्हणाले, “पण गारव्यात धर. निर्जळा इथंच होऊ दे.”

आत्यानं एसीकडं बघितलं, एसीनं आत्याकडं. मग तिनं अट घातली. “यंत्र चालतंय तवर मी हाय. बंद पडलं की मी चालले. उकाडाच खायचा तर भावाचा कशाला, माझा हाय की घरी.”

म्हणजे आमच्या घरात एसी हे यंत्र राहिलंच नाही, तो करार झाला. निर्जळेपर्यंत तो चालला तर आत्या आमच्यात. नाही चालला तर ती त्या पत्र्याखाली, उपाशी, तहानलेली आणि हाक मारायला आवडाबाई घरी असेलच असं नाही. वडील हे तोंडानं कधी बोलले नाहीत. ते फक्त येता-जाता एसीखाली हात धरून बघत, ताप बघतात तसा.

आणि पहिल्याच एकादशीला एसी गरम वारा फेकायला लागला.

आम्ही वाजेदला बोलावलं. वाजेद आमच्या भागातले फ्रिज, एसी आणि कूलर सांभाळतो. आत्मविश्वास इतका की यंत्र बघायच्या आधीच निदान सांगतो आणि मग यंत्राला ते पटवून देतो. मागच्या गॅलरीत एसीचं बाहेरचं खोकं बसवलेलं आहे. तिथून तांब्याच्या दोन पाइपा भिंतीतून आत येतात. वाजेद गॅलरीत गेला आणि थबकला.

“काकी, पाइप की पट्टी कौन खोल्या?” त्यानं आईला विचारलं.

“मी सोडली,” आत्या म्हणाली. “पांढरी पट्टी बांधल्याली बघून मला वाटलं मोडलंबिडलं. खाली जखम काय नव्हती.”

“अम्मा, वो ठंडक टिकने के वास्ते रहती. अंदर काला फोम भी था.”

“तांब्याला गोधडी? चैतात?”

काळा फोम कुठं गेला हे विचारायची गरज नव्हती. त्याची गोल चुंबळ झाली होती आणि तिच्यावर माठ बसला होता.

वाजेदनं नवी पट्टी गुंडाळली आणि म्हणाला की पट्टी नसल्यानं गॅस जात नाही, गॅस दुसरीकडून गेला. मग त्यानं पाइपांच्या जोडांवर साबणाचा फेस लावला. पितळी नट असतात तिथं फेसाला बारीक बुडबुडे आले. “मिल गया,” तो म्हणाला. “नट ढीला. बिठानेवाले ने कसा नहीं.” बसवणारा तोच होता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो जरा जोरात खोकला. नट आवळला, गॅस भरला, खोली गार झाली. आत्यानं पिशवी रिकामी केली. पोरांना भोवरा दाखवावा तसा वडलांनी आम्हाला रिमोट दाखवला.

वाजेद गेल्यावर आत्यानं पट्टी पुन्हा सोडली.

आता तांब्याबद्दल सांगायला पाहिजे. आत्याच्या घरात रीत अशी, की एकादशीच्या आदल्या दिवशी, दशमीला, घरातलं तांब्या-पितळेचं प्रत्येक भांडं चिंच-मीठ लावून घासायचं. देवाच्या दिवशी तांबं काळं दिसलं तर घराची अब्रू गेली. पैठणला तिचं घंगाळ आहे, हंडा आहे, कळशी आहे, तिचा दिवस त्यात जातो. आमच्याकडं सगळं स्टीलचं. तांब्या-पितळेचं म्हणावं तर पूजेचा तांब्या, पळी-पंचपात्र, एक समई. अर्ध्या तासात तिचे हात रिकामे. आणि आत्याच्या मते भावाच्या घरी बहिणीनं चार दिवस बसून खावं. पाचव्या दिवशी हात हलले नाहीत तर भाकर पचत नाही. स्वयंपाकघरात आई तिला फिरकू देत नव्हती. झाडू घेतला तर आई झाडू काढून घेई. “आक्का, तुम्ही बसा. एसीत बसा.” अशी बसून बसून आत्या एक दिवस मागच्या गॅलरीत गेली आणि तिला दोन लांबच लांब तांब्याच्या पाइपा दिसल्या. शहरात येऊन पहिल्यांदा तिला माहेरचं माणूस भेटलं.

हुशार वाचकाला पुढचं इथंच कळलं असेल. आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही त्या घरात राहत होतो.

दुसरी एकादशी आली आणि एसी पुन्हा गरम. पुन्हा वाजेद, पुन्हा फेस, पुन्हा बुडबुडे, पुन्हा नट. या खेपेला वडलांनी तपास हातात घेतला. वडील एका कालव्यावर निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत. जगात जे जे वाहतं ते कालवा आहे असं त्यांचं मत आहे.

“हेडला गळतंय का टेलला?” त्यांनी वाजेदला विचारलं, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी का शेवटाला.

“काका, एसी में हेड-टेल नहीं रहता.”

“जे वाहतं त्याला हेड-टेल असतंच. आमच्याकडं गळती कधी भिंतीतनं नसायची बाबा. गळती माणसातनं असायची.”

“काका, मैं आदमी नहीं बदलता, नट बदलता.” आणि त्यानं नट बदलले. नवे, जाड, पिवळेधमक. आत्याला ते फार आवडले.

तिसऱ्या एकादशीलाही गॅस गेला तेव्हा आत्यानं पिशवी भरली नाही. तिला साक्षात्कार झाला होता.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमचं यंत्र एकादस धरतंय.”

“आं?”

“बघ ना. बाकी दिस कसं चालतंय. एकादस आली की कायबी घेत नाय, कायबी देत नाय. गप. माणसाला जमत नाय ते लोखंडाला जमलं.”

वडलांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. वडलांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, कारण करार मोडता मोडता वाचला होता. यंत्र बंद पडलं तर आत्या जाणार होती. यंत्रानं उपास धरला तर त्याला बंद पडणं म्हणत नाहीत. “व्हय आक्का,” ते म्हणाले, “मलाबी तसंच वाटाया लागलंय.” सिंचन खात्यात हयात काढलेला माणूस एसीच्या भक्तीची खात्री देत होता आणि आवाजात जराही कंप नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या यमुनाबाई कुलकर्णी हे ऐकून खाली आल्या. त्या शिकलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, हे सगळं थोतांड आहे. जाताना रिमोटपाशी मोगऱ्याची दोन फुलं ठेवून गेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “वास यावा म्हणून.”

वाजेदची मात्र झोप उडाली. त्याला भक्ती नको होती, बुडबुडा हवा होता, आणि बुडबुडा दर वेळी त्यानंच आवळलेल्या नटातून येत होता. “भाई,” तो मला जिन्यात म्हणाला, “हमारे में रोज़े रहते तो महीनाभर रहते. ये पंधरा दिन को एक, ये क्या नाटक है?” त्याला एकच समाधान होतं. आमच्या पाइपा. “ऐसी चकाचक पाइप मैं पूरे शहर में नहीं देख्या. अम्मा, आपके हाथ को सलाम.” त्यानं पाइपांचे फोटो काढले आणि आपल्या व्हॉट्सअॅपला लावले, खाली लिहिलं: ‘हमारा काम, आपके सामने.’ आत्यानं त्याला ताक दिलं.

असं करत वैशाख सरत आला. वडलांनी चौथ्या दशमीला पहारा ठेवायचं ठरवलं. कालव्यावरची जुनी काठी काढली आणि खोलीत एसीच्या समोर खुर्ची टाकून सकाळपासून बसले. पापणी हलवली नाही. आत्या समई, तांब्या आणि चिंचेची वाटी घेऊन आली.

“काका, पाय घे जरा.”

वडलांनी पाय घेतले. आत्या गॅलरीत गेली. वडील एसीकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी एसीनं एकादशी धरली.

आता निर्जळा उरली होती. वडलांचं जेवण कमी झालं. कारण बाकीच्या एकादशींना आत्या साबुदाणा खायची, पाणी प्यायची आणि बंद एसीखाली पदरानं वारा घेत, “धरू दे बिचाऱ्याला,” म्हणत बसायची. निर्जळेला पाणी नाही. त्या दिवशी एसीनं भक्ती केली तर गेल्या वर्षीचं सगळं पुन्हा होणार, फक्त पत्र्याऐवजी स्लॅबखाली.

“यंत्राला समजावता येत नाही का,” वडील मला म्हणाले, “की बाबा, एवढी एक सोड?”

ते विनोद करत नव्हते. विनोद करायचं काम घरात माझ्याकडं आहे.

निर्जळेच्या आदल्या दिवशी दुकानातली वीज गेली म्हणून मी दुपारी घरी आलो. मी क्रांती चौकात एका झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज टाइप करतो. ‘सदर’, ‘सबब’ आणि ‘तरी’ या तीन शब्दांवर माझं पोट चालतं. घामेजलेला टॉवेल वाळत टाकायला मी मागच्या गॅलरीत गेलो. आमच्या घरातला कुठलाही पुरुष तिथं शेवटचा कधी गेला होता हे सांगणं कठीण आहे.

आत्या पाटावर बसली होती. शेजारी समई सुटी करून ठेवलेली, बूड वेगळं, देठ वेगळा. एका हातात चिंच लावलेला काथ्या. दुसऱ्या हातात आईची सांडशी, आणि सांडशीच्या जबड्यात वाजेदचा नवा नट.

तिनं सांडशी फिरवली.

फुस्स.

“आत्या! काय करतेस?”

“डोळं हायेत का सदऱ्याची बटनं? भांडं घासतेय.”

“नट का उघडतेस पण?”

“मग आटे कोण घासणार? समई घासताना देठ सोडवतोच का नाय आपण? आट्याचं भांडं मिटल्यालं घासू नये बद्र्या. आत मळ आन् वर चकाकी, ती लबाड माणसाची चकाकी.” तिनं आट्यांवरून काथ्या फिरवला. “जरासंच सोडवायचं, घासायचं, परत बसवायचं. मी काय वाऱ्यावर टाकत नाय कुणाचं भांडं.”

“आणि हा आवाज?”

“सुस्कारा टाकतं. दर दशमीला टाकतं.” आत्या मायेनं म्हणाली. “उद्या उपास म्हणल्यावर आदल्या दिशी जिवाला जड वाटतंच. मीबी टाकते. आन् बोटाला कसं गार लागतं म्हणून सांगू, धरणाच्या पाण्यात हात घातल्यावानी.”

मी तिथं उभा राहून आमच्या घराचा श्वास जाताना ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य आलं. मी ते बोललो.

“आत्या, चहा टाकलाय.”

आत्या चहाला नाही म्हणत नाही. तिनं नट बसवला, सांडशीनं तिच्या मते घट्ट केला आणि उठली. चहा टाकलेला नव्हता, तो मला टाकावा लागला.

आत्या चहा पिऊन वर यमुनाबाईंकडं पोथीला गेली आणि स्वयंपाकघरात आम्हा तिघांची सभा भरली. मी सगळं सांगितलं. वडलांनी काठी भिंतीला टेकवली आणि स्वतः खाली बसले.

“चोर माझ्या पायावरनं गेला,” ते म्हणाले. “मी पाय उचलून वाट दिली.”

“आता सांगून टाका त्यांना,” आई म्हणाली.

“सांगितलं की ती राहील का? माझ्या हातानं भावाचं नुकसान झालं म्हणंल आन् उद्या पहाटेच्या गाडीत बसंल. निर्जळा पत्र्याखाली.”

“मग पाइप घासू नको एवढंच म्हणू,” मी म्हणालो.

“अन् काय करा म्हणू?” आई म्हणाली. “टीव्ही त्यांना दिसत नाही. झाडू मी देत नाही. पोळपाट मी देत नाही.”

“का देत नाहीस?”

“कारण त्यांची भाकर ह्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडते.”

आई हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली की वडील उठून फळीवरच्या डब्यांची झाकणं तपासायला लागले.

“मग देऊ का पोळपाट?” मी विचारलं.

आईनं विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. चेहऱ्यावरून दिसत होतं.

“आधी वाजेदला बोलावून बघू,” ती म्हणाली.

वाजेदला मी जिन्यातच सगळं सांगितलं. तो पायरीवर बसला. मग त्यानं खिशातला फोन काढला आणि आमच्या पाइपांचा फोटो काढून टाकला. मग पुन्हा लावला.

“मैं कसूँ, अम्मा खोले. मैं कसूँ, अम्मा खोले,” तो म्हणाला. “मेरा पाना ढाई फुट का, अम्मा की सांडशी बालिश्तभर. इज्जत नहीं रही भाई.” मग आशेनं विचारलं, “अम्मा को बोल दें तो?”

“नक्को,” एव्हाना दारात येऊन उभे राहिलेले आई-वडील आणि मी, तिघंही एकदम म्हणालो.

तोडगा वडलांनी काढला. तो कालव्यावरच्या माणसालाच सुचू शकतो. “बाबा वाजेद,” ते म्हणाले, “एखाद्या गावाला पाणी द्यायचं नसलं तर आपण काय करतो?”

“क्या करते?”

“कालवा खणून देतो. नुसता कालवा. लोक येऊन बघतात, खूश होतात, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पाणी दुसरीकडनं जातं.”

वाजेदला अर्धं कळलं आणि त्यानं पूर्ण केलं. खऱ्या पाइपा त्यानं उंचावरून वळवून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत बंद केल्या. गॅस भरला, फेस लावला, बुडबुडा नाही. आणि जुन्या जागी, आत्याच्या हाताच्या उंचीवर, तांब्याची नवीकोरी उघडी पाइप बसवली, दोन्ही टोकांना पितळी नट, आटे तेल घालून मोकळे. ती पाइप भिंतीतून निघते आणि भिंतीत जाते. तिच्यातून काहीही जात नाही. आमच्या घरात सगळ्यात सुबक बसवलेली वस्तू तीच आहे.

आत्या पोथी ऐकून खाली आली. गॅलरीत डोकावली. “वाजेद आलता व्हय?”

“व्हय आक्का. पाइप जरा सरळ केली.”

“बरं केलं. वाकडीला नीट हात बसत नव्हता.”

संध्याकाळपर्यंत तिनं नवी पाइप घासली. फुस्स झालं नाही. आम्ही तिघंही आतून कान देऊन उभे होतो.

निर्जळेचा दिवस उजाडला तो भट्टी पेटवल्यासारखा. दहा वाजता गल्लीतली कुत्री गटाराच्या कडेला जाऊन पडली ती उठलीच नाहीत. आत्यानं आंघोळ केली, जप केला, एसीच्या खोलीत येऊन बसली. आम्ही एसी लावला. गार वारा आला. वडलांनी डोळे मिटले आणि माझा दंड दाबला.

आत्यानं एसीकडं बघितलं. मग आणखी थोडा वेळ बघितलं. मग ती उठली.

“कुठं चाललीस आक्का?”

“गॅलरीत.”

“का?”

“ह्यानं एकादस मोडली.” आत्याचा आवाज बसला होता. “सगळ्या साध्या एकादशी धरल्या आन् निर्जळेला मोडली. ह्याच्या वाऱ्यात बसून माझीबी मोडंल.”

आणि ती मागच्या गॅलरीत जाऊन पाटावर बसली, एसीच्या बाहेरच्या खोक्यासमोर. आतला सगळा उकाडा ते खोकं तिथं फेकतं. म्हणजे तिच्यासाठी घेतलेला एसी तिच्याच तोंडावर आमच्या घराची सगळी उष्णता सोडत होता. एसी बंद केला तर आत घाम. चालू ठेवला तर बाहेर भट्टी. आणि आत्या पाटावरून उठायला तयार नाही.

वडील गेले. “आक्का, यंत्र ते. त्याला काय कळतं.”

“आतापतूर तर कळत व्हतं.”

मी गेलो. “आत्या, चहा—” आणि आज काय आहे ते आठवून परत आलो.

ऊन गॅलरीच्या कठड्यावर चढलं. आत्याचे ओठ पांढरे पडले होते. ती पदर डोक्यावर ओढून माळ ओढत होती, पण मणी सरकायला वेळ लागत होता. वडील खोलीत एसीसमोर उभे राहिले. एखाद्या हाताखालच्या माणसाला दम द्यावा तसे उभे राहिले, पण दम देणार तरी काय? काम करू नको म्हणून?

मग आई गॅलरीत गेली. एसीच्या आतल्या खोक्यातून एक बारीक नळी निघते. हवेतलं पाणी तिच्यातून ठिबकतं आणि खाली ठेवलेल्या बादलीत पडतं. आईनं ती बादली उचलली आणि आत्याच्या पुढ्यात आदळली.

“आक्का, हे बघा.”

“काय?”

“सकाळपासनं एवढं पाणी टाकलंय त्यानं. घेतलेला एक थेंब दिसला का तुम्हाला? एकसुद्धा? ह्याला काय म्हणतात?”

आत्यानं बादलीकडं बघितलं. अर्धी भरली होती.

“निर्जळा ती हीच ना?” आई म्हणाली. “अंगातलं पाणी गेलं तरी चालंल, पण आत थेंब घ्यायचा नाही.”

“पण बाकीच्या एकादशीला गप ऱ्हायचं ते.”

“त्या साध्या. निर्जळेला राबून उपास धरतात.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. गेल्या साली उपाशी घर सारवत होतात म्हणून तर पडलात.”

नळीतून एक थेंब पडला. टप्. आत्या त्या थेंबाकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर हळूहळू जी ओळख पटली ती मी आमच्या सोयऱ्याधायऱ्यांना भेटतानाही कधी बघितली नाही.

“बया,” ती म्हणाली. “आन् मी त्याला बोल लावला.”

आई आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं. एसीखाली बसल्यावर तिनं एसीला हात जोडले आणि मग आडवी झाली. वडलांनी गोधडी पांघरली. जेठात, उस्मानपुऱ्यात, गोधडी. ती तशीच संध्याकाळपर्यंत झोपली. वडील दर थोड्या वेळानं हात लावून बघत होते. एसीला नाही, तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडायच्या वेळी आईनं काही न बोलता पोळपाट ओट्यावर ठेवला आणि स्वतः कोथिंबीर निवडायला बाहेर आली. आत थापल्याचा आवाज यायला लागला. वडलांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि तिन्ही वेळा आईकडं न बघता.

“खा की,” आई म्हणाली. “मी काय मोजतेय?” ती मोजत होती.

पण करारातलं शेवटचं कलम आम्ही विसरलो होतो. आत्यानं उन्हाळ्यापुरतं यायचं कबूल केलं होतं. मृग लागला की तिला पैठणला जायचं होतं. तिच्या पत्र्यावर पाऊस वाजतो आणि तो आवाज तिला लागतोच. ढग जमायला लागले तसं तिनं पिशवी काढली. जायच्या आधी, रीत म्हणून, गॅलरीत जाऊन ती पाइप एकदा घासली. मी तिला मदत करायला गेलो, म्हणजे उभा राहिलो.

“बद्र्या,” ती काथ्या फिरवत म्हणाली, “एक सांगू का? तुझ्या बापाला सांगू नको.”

“नाय सांगत.”

“ही पाइप रिकामी हाय.”

मी वाळत टाकलेला टॉवेल उगाच पालथा केला.

“भांडं भरलंय का रिकामं हे घासणाराला कळत नाय व्हय? ठण् वाजतंय. आधीच्यात जीव व्हता, सुस्कारा टाकायची. ही नुसती टांगल्याली.” तिनं नट सोडवला, आटे घासले, नट बसवला. “मला काय काम नाय म्हणून काकानं लावली असंल. लई हुशार समजतो सोताला. मी म्हणलं, घासावी. त्याचं मन कशाला मोडू? भावानं बहिणीला काय काय दिलं, लुगडं दिलं, चोळी दिली. पण घासायला भांडं कोण देतं?”

मग ती हसली. दात कमी आहेत, पण हसू सगळं असतं.

वडलांना मी अजून सांगितलेलं नाही. ते रोज गॅलरीत जाऊन ती पाइप बघतात आणि आपण केवढा बेमालूम बंदोबस्त केला म्हणून खूश होऊन परत येतात. आता ते गॅलरीत जातात हीच मोठी गोष्ट आहे. एसी उत्तम चालू आहे. बाहेर आभाळ भरून आलंय, हवेत गारवा आहे, एसीची कुणाला गरज नाही. आत्या पिशवीची गाठ मारते आहे. माझ्या हातात जे आहे तेवढं मी करून ठेवलं आहे. माझ्या हातून गेलेला एकही अर्ज मंजूर झाल्याचं आजवर कुणी परत येऊन सांगितलेलं नाही, तरी.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी (उन्हाळा),
यांचे सेवेशी.

विषय: चालू उन्हाळ्यास मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर उन्हाळा विहित वेळेत संपत असल्यामुळे अर्जदाराची आत्या पैठण येथे परत जात आहे. सबब सदर उन्हाळ्यास पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ देण्यात यावी. सदर मुदतवाढ केवळ उस्मानपुरा येथील अर्जदाराच्या राहत्या घरापुरती, मागील गॅलरीसह, मर्यादित असावी. पैठणकडील शिवारात वेळेवर व भरपूर पाऊस पडण्यास अर्जदाराची हरकत नाही, मात्र तो आत्याच्या पत्र्यावर वाजू नये याची दक्षता घेण्यात यावी. सोबत तांब्याच्या पाइपचा फोटो जोडला असून मूळ पाइप पाहणीसाठी कार्यालयीन वेळेत उपलब्ध आहे. तपासणी अधिकाऱ्यांना नट उघडून पाहण्यास मुभा आहे. तरी या अर्जावर निर्णय होईपर्यंत मृग नक्षत्र आणि पैठणची एसटी, दोन्ही आहेत त्या जागी स्थगित ठेवण्यात यावीत, ही नम्र विनंती.